गुन्हा माणसाचा की जमातीचा? – नागरी हक्कांचे कायदे आणि आपली जबाबदारी

दरवर्षी ३१ ऑगस्ट रोजी महाराष्ट्रातील अनेक वस्त्यांमध्ये 'विमुक्त दिन' साजरा होतो. आपल्यापैकी अनेकांना हा दिवस ठाऊक नसतो. भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. परंतु या देशातील काही जमाती कायद्याच्या पुस्तकातून 'जन्मजात गुन्हेगार' या शिक्क्यापासून देशभर मुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. पारधी, कैकाडी, वडार, रामोशी, कंजारभाट, बेरड ही नावे आपल्या परिचयाची आहेत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, वरकुट्यासारख्या गावांच्या परिसरात, ही माणसे आपल्या शेजारी राहतात, आपल्या शेतात राबतात, आपल्याच बाजारात येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतर वंचितांसाठी देशाने कोणते कायदे केले, ते कसे चालतात, कोठे अडखळतात आणि आपला, ख्रिस्ती भाविकांचा, त्यांच्याशी काय संबंध आहे, हे सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

शिक्का कसा बसला?

इंग्रज सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' संमत केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो देशभर लागू करण्याची वाट मोकळी झाली आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. १९२४ साली या सर्व तरतुदी एकत्र करण्यात आल्या.

या कायद्याचे तत्त्व समजून घेणे महत्त्वाचे आहे. कोणत्याही सुसंस्कृत न्यायव्यवस्थेत आधी कृत्य पाहिले जाते, मग ते कोणी केले हे शोधले जाते आणि पुरावा असेल तर त्या व्यक्तीला शिक्षा होते. येथे क्रम उलटा होता. सरकार एखाद्या संपूर्ण जमातीला अधिसूचनेद्वारे गुन्हेगार ठरवीत असे. त्यानंतर त्या जमातीतील माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचे तर परवाना घ्यावा लागे. परवान्यावाचून बाहेर आढळणे हाच गुन्हा होता. चोरी केली की नाही, हा प्रश्न उद्भवतच नसे.

त्याचबरोबर वसाहती उभारल्या गेल्या. सोलापुरातील 'सेटलमेंट' हे नाव आजही त्या शहराच्या बोलण्यात आहे. तारांच्या कुंपणात कुटुंबे ठेवायची, त्यांच्याकडून काम करवून घ्यायचे आणि सुधारणेच्या नावाखाली मुलांना आईवडिलांपासून वेगळे करण्याचा अधिकारही सरकारकडे राखायचा, अशी ती पद्धत होती. देशातील अशा काही वसाहतींचे व्यवस्थापन साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी केले होते. त्यांचा हेतू सेवेचा असेल. परंतु ज्यांची सेवा करायची त्यांच्या हातापायांत बेड्या तशाच ठेवून ती सेवा चालली, हे सत्य आपण नाकारू नये.

हे सर्व 'त्या काळी असेच होते' म्हणून सोडून देता येत नाही. कारण त्याच काळात वेगळा मार्ग दाखविणारा राज्यकर्ता आपल्याच महाराष्ट्रात होता. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील तथाकथित गुन्हेगार जातींची हजेरीची सक्ती बंद केली आणि फासेपारध्यांना काम व निवारा दिला. ज्यांच्यावर इंग्रजांचा पहारा होता, त्यांनाच महाराजांनी पहाऱ्यावर ठेवले. विश्वास टाकला तर माणूस त्याला जागतो, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर १९५२ मध्ये तो संपूर्ण देशातून गेला. परंतु त्याच्या जागी ठिकठिकाणी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. आपल्याकडील असा कायदा १९५९ चा. कागदावर हे कायदे जमातीला नव्हे, तर वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीला लागू होतात. व्यवहारात मात्र संशयाची जुनी यादी नव्या वहीत उतरली, अशी तक्रार विमुक्त जमाती सातत्याने करीत आल्या आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीनेही २००७ साली भारताला हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली.

वंश, जात आणि जन्म

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो: वंशभेदाशी आपला काय संबंध? तो तर अमेरिकेतील गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न!

सर्व प्रकारचे वंशभेद नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारला गेला आणि भारताने त्याला १९६८ साली मान्यता दिली. या करारात वंश व वर्ण यांच्याबरोबर 'कूळ' म्हणजे जन्मपरंपरा हाही भेदभावाचा आधार म्हणून नोंदविला आहे. जात ही वंश नव्हे, अशी भारत सरकारची भूमिका आहे; जन्मावरून होणारा भेदभाव या व्याख्येत येतो, असे त्या समितीचे मत आहे. हा वाद २००१ साली दरबान येथील जागतिक परिषदेतही गाजला. त्याचा निकाल काहीही लागो; ज्याला जन्मावरून दूर ठेवले जाते त्याचा अनुभव दोन्हीकडे सारखाच असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी १९४६ साली त्यांनी पत्रव्यवहार केला होता आणि तेथील लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज करीत होते त्याची माहिती मागितली होती.

अमेरिकेत हॉटेल, उपाहारगृह, चित्रपटगृह येथे वर्णावरून मज्जाव करण्यास बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली झाला. भारतात सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा त्याच्या नऊ वर्षे आधी, १९५५ साली, झाला होता. त्याचीही पूर्वतयारी महाराष्ट्राच्या भूमीत झाली होती. रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. तो कागदावरच राहिला, म्हणून १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले. संत तुकाराम महाराजांची पालखी आजही बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने त्याच पंढरपूरला जाते. ठराव होणे आणि तो अमलात येणे यांत केवढे अंतर असते, हे या वाटेवरच्या गावांना वेगळे सांगावे लागत नाही.

तीन संरक्षणे

आपल्या कायद्यांत वंचित समाजांसाठी प्रामुख्याने तीन स्तरांचे संरक्षण आहे. त्यांतील फरक अनेक सुशिक्षितांनाही स्पष्ट नसतो.

पहिला स्तर संविधानाचा. अनुच्छेद १४ कायद्यापुढे समानता देतो. अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो आणि दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख करतो. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. अनुच्छेद २१ जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण करतो आणि अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. हे हक्क सर्वांना आहेत. त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही.

दुसरा स्तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चा. आरंभी त्याचे नाव अस्पृश्यता (अपराध) अधिनियम असे होते. १९७६ मधील दुरुस्तीने त्याला आजचे नाव मिळाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून देवळात, पाणवठ्यावर, दुकानात, रुग्णालयात, स्मशानभूमीत मज्जाव करणे यात गुन्हा ठरते. या कायद्याचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीचीच असली पाहिजे, अशी अट त्यात नाही. पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेमुळेच झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते. इतरांना मात्र ते कारण स्वतः सिद्ध करावे लागते.

तिसरा स्तर अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ चा. बोलीभाषेत 'अ‍ॅट्रॉसिटी कायदा'. २०१५ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. जमिनीवरून बेकायदा हुसकावणे, सार्वजनिक ठिकाणी अपमान करणे, सामाईक साधनांपासून वंचित ठेवणे यांबरोबरच दोन तरतुदी पारधी समाजाच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीविरुद्ध खोटी किंवा द्वेषमूलक फौजदारी कारवाई करणे हा गुन्हा आहे. आणि सरकारी नोकराला खोटी माहिती देऊन त्याच्या अधिकाराचा वापर अशा व्यक्तीला इजा करण्यासाठी करवून घेणे, हाही गुन्हा आहे.

या कायद्याखालील तपास साधारणतः पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी करतो. तक्रार नोंदविणे, ती फिर्यादीला वाचून दाखविणे आणि तिची प्रत देणे ही कर्तव्ये हेतुपुरस्सर टाळणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षेची तरतूद आहे. पीडिताला व साक्षीदाराला संरक्षण, जामिनाच्या सुनावणीची सूचना आणि गुन्ह्याच्या स्वरूपानुसार शासकीय अर्थसाहाय्य मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती असते.

हा कायदा महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गाजला. कराड येथील एका प्रकरणातून उद्भवलेल्या खटल्यात २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने अटकेपूर्वी परवानगी व प्राथमिक चौकशी आवश्यक केली. देशभर असंतोष उमटला. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घालून त्या अटी दूर केल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

दाखल्याची भिंत

कायदे एवढे असताना माणसे उघडी का राहतात? पहिले कारण दाखला.

महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी ही अनुसूचित जमात आहे. म्हणून अत्याचार प्रतिबंध कायद्याचे कवच त्यांना आहे. परंतु ते दाखल्यावाचून हाती येत नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा पाहिला जातो. ज्यांच्या आजोबांना एका गावी राहू दिले गेले नाही, ज्यांचे पाल दर काही महिन्यांनी उठविले गेले, त्यांच्याजवळ सातबारा, शाळेचा उतारा, जन्मनोंद कोठून असणार? ज्या वहीत त्यांचे नाव हमखास होते, ती वही पोलिसांच्या हजेरीची होती. अशा वेळी अधिकाऱ्यांनी स्थळपाहणी, नातेवाइकांचे दाखले आणि गृहचौकशी यांचा आधार घ्यावा लागतो. आणि ही वाट लांबची असते. दाखल्यासाठी प्रांत कार्यालय बारामतीला, तर पुणे जिल्ह्याचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प आंबेगाव तालुक्यातील घोडेगावला. इंदापूरहून पुण्यामार्गे तेथे जायचे म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. रोजंदारी बुडवून तो किती वेळा करावा?

दुसरे कारण यादीची भौगोलिक सीमा. कैकाडी समाजाचे उदाहरण घ्या. विदर्भातील जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत येतो; उर्वरित महाराष्ट्रात तो विमुक्त जातीत गणला जातो. त्यामुळे नागपूरच्या कैकाड्यावर अत्याचार झाला तर १९८९ चा कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. इंदापूरच्या कैकाड्यावर तोच प्रसंग आला तर त्याला सर्वसाधारण फौजदारी कायद्यावर विसंबावे लागते. टोपली तीच, शिवी तीच, मार तोच. फक्त जिल्हा निराळा. विमुक्त व भटक्या जमातींना राज्यात शिक्षण व नोकऱ्यांत आरक्षण आहे. परंतु आरक्षण आणि अत्याचारापासून संरक्षण या भिन्न गोष्टी आहेत. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते आयोगाने त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आपले अहवाल सादर केले. कोणत्याच यादीत नसलेल्या २६९ जमाती देशात आहेत, असे इदाते आयोगाला आढळले.

आपलाही प्रश्न

हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींना येथे आपल्याच घरची गोष्ट आठवेल. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित झाला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लीम दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गीयांत स्थान आहे. परंतु १९८९ च्या कायद्याचे संरक्षण त्यातून मिळत नाही.

अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र धर्माची अशी अट नाही. म्हणून पारधी, ठाकर, वारली, कातकरी अशा जमातींतील माणूस ख्रिस्ती झाला तरी केवळ त्या कारणाने त्याचा जमातीचा दर्जा जात नाही. एकाच देवळात शेजारी गुडघे टेकणाऱ्या दोन भाविकांपैकी एकाला कायद्याचे छत्र आहे आणि दुसऱ्याला नाही, असा हा विचित्र प्रकार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सूसाई खटल्यात असे म्हटले होते की, धर्मांतरानंतरही तेच सामाजिक अपंगत्व त्याच तीव्रतेने कायम राहते, हे दाखवावे लागेल. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये दर्जा आणि धर्म यांची फारकत करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आणखी एक आयोग नेमण्यात आला. मागणी न्याय्य आहे, असे आम्हाला वाटते. परंतु ती मागताना आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारावा लागेल. धर्मांतरानंतर जात उरली आहे, हे आपण न्यायालयात सिद्ध करू पाहतो, तेव्हा ती ख्रिस्तसभेतही उरली आहे, ही कबुली आपोआप येते. भारताच्या कॅथोलिक बिशप्स परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ही वस्तुस्थिती लपविली नाही. लग्नाच्या बोलणीत, दफनभूमीत, धर्मग्रामाच्या समित्यांत, नेतृत्वात ती कोठे दिसते, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःच तपासायचे आहे.

धर्मसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात वंश, वर्ण, परिस्थिती किंवा धर्म यांवरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या मनाशी विसंगत ठरविला. कॅनडातील आदिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. त्यातील अनेक शाळा कॅथोलिक संस्था चालवीत होत्या. पोप फ्रान्सिस २०२२ च्या जुलै महिन्यात तेथे गेले आणि त्यांनी आदिवासींची क्षमा मागितली. ती क्षमायाचना वाचताना सोलापूरच्या तारांच्या कुंपणाची आठवण आपल्याला व्हायला हवी.

गावात चोरी होते तेव्हा

आता तत्त्वे बाजूला ठेवून व्यवहाराकडे वळू. समजा, वरकुट्यासारख्या एखाद्या गावात विहिरीवरील मोटारीची केबल रात्रीतून नाहीशी झाली. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. ऊस पाण्यावाचून वाळतो, नवी केबल घ्यायला पैसे लागतात, त्याचा संताप समजण्यासारखा आहे. सकाळी चार माणसे जमतात आणि कोणीतरी म्हणते, 'माळावर पाले पडली आहेत, तेच असणार.' पुरावा नसतो, ठसा नसतो, साक्षीदार नसतो. फक्त एक नाव असते, जमातीचे. १८७१ चा कायदा पुस्तकातून गेला. तो या एका वाक्यात शिल्लक आहे.

या वाक्यानंतर काय घडू शकते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. १९९८ साली बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या विमुक्त जमातीतील तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला होता; तेथील उच्च न्यायालयाने त्याच्या विधवेला नुकसानभरपाई देवविली व केंद्रीय अन्वेषण विभागाकडून तपासाचा आदेश दिला. लेखिका महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या विमुक्त-भटक्यांच्या हक्क गटाने असे अत्याचार देशापुढे आणले. अहमदाबादच्या छारानगरमधील बुधन थिएटरच्या विमुक्त तरुणांनी पिन्या काळेच्या मृत्यूवर नाटकही केले. बारामतीचे नाव त्या नाटकातून दूरवर पोहोचले, ही आपल्याला अंतर्मुख करणारी गोष्ट आहे.

चोरी करणारा पारधी असूच शकत नाही, असे आमचे म्हणणे नाही. कोणत्याही समाजात चोर असतात. म्हणणे एवढेच की, चोर सापडला तर त्याला त्याच्या नावाने पकडावे, त्याच्या कृत्याचा पुरावा द्यावा आणि त्याला शिक्षा न्यायालयाने द्यावी. पाटलाच्या मुलाने चोरी केली तर आपण सगळ्या पाटलांची झडती घेत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले आहे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात, तुरुंगांच्या नियमावल्यांतून जातीनुसार कामे वाटणाऱ्या आणि विमुक्त जमातींना स्वभावतःच गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविण्यात आल्या. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश झाला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही न्यायालयाने बजावले. संविधान लागू होऊन पंचाहत्तरावे वर्ष चालू असताना हे सांगावे लागले, यावरून शिक्का किती खोल आहे ते कळते.

आपण काय करू शकतो?

धर्मग्रामातील कुटुंबे, युवक मंडळे आणि सेवाभावी संस्था यांनी पुढील गोष्टी सहज कराव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट: संशय आल्यास तक्रार घटनेची करावी, जमातीची नव्हे. काय गेले, केव्हा गेले, काय पाहिले एवढेच सांगावे. न पाहिलेले नाव पोलिसांना देणे हे पाप तर आहेच. वर सांगितल्याप्रमाणे तो गुन्हाही ठरू शकतो.

दुसरी गोष्ट: कोणाला उचलून नेल्याचे कळले तर एकट्या कुटुंबाला ठाण्यावर पाठवू नये. गावातील दोन जबाबदार माणसे सोबत गेली की बराच फरक पडतो. अटक झाली आहे का, कोणत्या कारणाने, न्यायालयात केव्हा हजर करणार, हे विचारण्याचा हक्क आहे. ज्याला वकील परवडत नाही त्याला तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना, बालकांना आणि कोठडीतील व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तिसरी गोष्ट: तक्रार घेण्यास नकार मिळाल्यास ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात प्रथम खबर देता येते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

चौथी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: दाखले. जन्मनोंद, आधार, शिधापत्रिका, शाळेतील प्रवेश, जातीचा दाखला ही कागदपत्रे मिळवून देण्यासाठी आपल्यातील शिक्षक, निवृत्त कर्मचारी, वकील महिन्यातून एक दिवस देऊ शकतात. प्रसंग ओढवल्यावर कागद जमत नाहीत. ज्या मुलाचे नाव आज शाळेच्या पटावर लागते, त्याच्या नातवाला दाखल्यासाठी पुरावा मिळतो. पोलिसांच्या वहीतून शाळेच्या वहीत नाव येणे, याला आम्ही खरी विमुक्ती म्हणू.

पाचवी गोष्ट भाषेची. 'पारध्यासारखा', 'कैकाड्यासारखा' अशी शिवी आपल्या घरांत लहान मुलांना सहज दिली जाते. ती आपण आजपासून थांबवू शकतो. त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

प्रभू येशूने शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना एका शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. त्या काळी 'शोमरोनी' हा शब्दच ऐकणाऱ्यांना खटकणारा होता, हे आपण विसरतो. येत्या ३१ ऑगस्टला आपापल्या धर्मग्रामात विमुक्त दिनाचे स्मरण व्हावे, जवळच्या वस्तीतील बंधुभगिनींना सन्मानाने बोलावावे आणि त्यांच्या किती मुलांची नावे शाळेत आहेत, किती कुटुंबांना दाखले मिळाले आहेत, याची चौकशी करून कामाला आरंभ करावा, अशी आमची सर्व वाचकांना नम्र विनंती आहे.